घरगुती रसायन : डांबराच्या गोळ्या आधी उचला



या सदरात आम्ही एरवी हळदीचा डाग, कुकरच्या तळाचा पांढरा थर, थंडीत दही का लागत नाही, असल्या निरुपद्रवी विषयांवर लिहितो. या अंकात दह्याचीच पाळी होती. ते आता दिवाळी अंकात. आज एक चूक दुरुस्त करायची आहे, आणि ती आमचीच आहे.

पाडव्याच्या अंकात आम्ही ह्यूस्टनच्या उन्हाळ्याविषयी लिहिले होते. त्यात एक परिच्छेद सापांवर होता. "कुंपणाच्या कडेने डांबराच्या गोळ्या टाकाव्यात, उग्र वासाने साप परसात येत नाहीत," असे आम्ही छातीठोकपणे सांगितले होते. नावाच्या आधी 'डॉ.' असल्यामुळे कुणी शंका घेतली नाही. बऱ्याच घरांनी तो सल्ला मानला, हे आम्हाला आता कळले आहे.

तर मंडळी, हे पान बाजूला ठेवा. रबरी मोजे घाला, परसातल्या सगळ्या गोळ्या मोजून उचला, पिशवीत घालून पिशवीचे तोंड घट्ट बांधा आणि मुलांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा. नेहमीच्या कचऱ्यात टाकू नका. गावाचे किंवा काउंटीचे घातक कचरा गोळा करण्याचे केंद्र असते, तिथे द्या. मग निवांतपणे पुढचे वाचा.

आता काय घडले ते सांगतो.

आमच्या घरी मोत्या नावाचा कुत्रा आहे. तीन वर्षांपूर्वी कन्येच्या हट्टाखातर कुत्र्यांच्या आश्रयगृहातून आणला. अर्धा लॅब्रॅडॉर, बाकीचा कोण ते कुणालाच ठाऊक नाही. वजन साधारण सत्तावीस किलो. सहा महिन्यांसाठी देवरुखहून आलेल्या आमच्या सासूबाईंनी पहिल्याच दिवशी त्याला स्वयंपाकघराची हद्द आखून दिली आणि त्याने ती आमच्यापेक्षा निमूटपणे पाळली.

जुलैमधली रात्र, साडेनऊचा सुमार. दिवसभर उकाडा, आणि अंधार पडल्यावर ओकच्या झाडाखाली रातकिड्यांचा आणि सिकाडांचा नुसता गजर चाललेला. घरचे 'हे' कामासाठी डॅलसला. मोत्याला झोपण्याआधी मागच्या परसात सोडायचे, हे आमचे रोजचे काम. आम्ही दार उघडले, तो नेहमीप्रमाणे ओककडे धावला, पाचोळ्यात नाक खुपसले आणि एकदम केकाटून मागे उडी मारली. परत आला तो पुढचा डावा पाय उचलून, तीन पायांवर.

काटा असेल म्हणून आम्ही विजेरी आणली. पंजाच्या वर दोन बारीक छिद्रे होती आणि एकातून रक्त झिरपत होते. झाडाखाली विजेरी मारली, तर पाचोळ्यात पाचोळ्याच्याच रंगाचा एक साप वेटोळे करून होता. पळाला नाही, फिस्कारला नाही, नुसता पडून राहिला. विटकरी-तपकिरी अंग, त्यावर गडद पट्टे. वरून पाहिले तर प्रत्येक पट्टा दोन्ही कुशींना रुंद आणि पाठीच्या कण्यावर अरुंद, अगदी डमरूसारखा. इकडे याला कॉपरहेड म्हणतात. ह्यूस्टनच्या उत्तरेकडच्या झाडीच्या वस्त्यांत हा सर्रास आढळतो.

आणि त्याच्यापासून हातभर अंतरावर आमच्याच दोन डांबराच्या गोळ्या विजेरीच्या उजेडात चमकत होत्या.

पुढची पंधरा मिनिटे आम्ही काय केले ते लिहायला लाज वाटते, पण तुमच्यावर प्रसंग आला तर उपयोगी पडेल. आम्ही आधी स्वतःच्या ओढणीने मोत्याचा पाय वरच्या बाजूला करकचून बांधला. मग फ्रीझरमधून बर्फ आणून छिद्रांवर धरला. मग कुदळ घेऊन सापाच्या मागे लागलो, कारण "डॉक्टरांना साप दाखवावा लागतो" असे कुठेतरी ऐकले होते. साप तोवर फळीखाली गेला होता. मग नेहमीच्या प्राण्यांच्या दवाखान्याला फोन केला. तो सहालाच बंद होतो, हे फोनवरच्या यंत्राने सांगितले. मग रात्री कोणता उघडा असतो ते शोधू लागलो. रसायनशास्त्रात पीएच.डी. मिळवायला आम्हाला पाच वर्षे लागली, त्यातले एक अक्षर त्या वेळी आठवले नाही.

सासूबाई दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "अगं, सापाचं काय करतेस? गाडी काढ आधी."

गाडीत त्यांनी मोत्याचे डोके मांडीवर घेतले. स्वयंपाकघराची हद्द आखणाऱ्या त्याच सासूबाई! रस्त्यात त्यांनी सांगितले. त्यांच्या लहानपणी घरच्या गड्याला गवत कापताना फुरसे चावले. त्याला आधी देवळात नेले, मग पलीकडच्या वाडीतल्या मांत्रिकाकडे, तिथे रात्र गेली, आणि सकाळी तालुक्याला. "सगळे त्याच्यासाठीच धावत होते गं," त्या म्हणाल्या, "पण दवाखान्याकडे कुणीच धावत नव्हतं." गड्याचे पुढे काय झाले ते आम्ही विचारले नाही.

रात्रीचा दवाखाना पंचवीस मिनिटांवर. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी पहिली गोष्ट केली ती ओढणी कात्रीने कापून टाकणे. दुसरी, बर्फाची पिशवी कचऱ्यात. मग पायावरचे केस भादरले आणि सूज जिथवर आली होती तिथे पेनाने रेघ मारून शेजारी वेळ लिहिली. वीस मिनिटांनी सूज रेघेच्या पुढे गेली होती. पुन्हा रेघ, पुन्हा वेळ. आमच्या प्रयोगशाळेत आम्ही हेच करतो, फक्त तिथे आमचे कुणी विव्हळत नसते.

रक्त घेतले. ते गोठायला किती वेळ लागतो, त्यात प्लेटलेट्स किती आहेत, हे पाहिले. सूक्ष्मदर्शकाखाली तांबड्या पेशी दाखवल्या. एरवी गुळगुळीत चकतीसारख्या असणाऱ्या पेशी गोखरूच्या काट्यासारख्या झाल्या होत्या. सूज कोपराच्या वर सरकू लागली तेव्हा बाईंनी प्रतिविषाची एक कुपी शिरेतून हळूहळू द्यायला घेतली.

त्या वेळात त्यांनी विचारले, "याच्या अंगाला नॅफ्थलीनचा वास कसा?"

आम्ही खरे ते सांगितले. सदराचे मात्र सांगितले नाही. त्या शांतपणे म्हणाल्या, "कॉपरहेडच्या चाव्याने एवढा मोठा कुत्रा बहुतेक वेळा वाचतो. त्या गोळ्या त्याने खाल्ल्या असत्या तर मला जास्त काळजी वाटली असती."

मोत्याला रात्रभर ठेवून घेतले. परतताना सासूबाईंनी एक प्रश्न विचारला, तो आपल्यापैकी अनेकांच्या मनात येईल : "आपल्या हाफकिनची लस इथे मिळत नाही का?"

प्रश्न अगदी योग्य आहे, म्हणून थोडे रसायन.

सापाचे विष म्हणजे एक पदार्थ नव्हे, ते अनेक प्रथिनांचे मिश्रण असते. कॉपरहेडच्या विषात पेशींची आवरणे फोडणारी, रक्तवाहिन्यांच्या भिंती कुरतडणारी आणि ऊतींमधला चिकट लगदा विरघळवून बाकीच्यांना वाट करून देणारी एन्झाइमे असतात. सापाच्या दृष्टीने हे उंदीर मारण्याचे आणि पचवण्याचे साधन आहे. म्हणूनच पाय करकचून बांधणे चूक. बांधल्याने ही सगळी एन्झाइमे एकाच जागी कोंडली जातात, वरून रक्तपुरवठा तुटतो आणि वाचण्यासारखे मांसही सडते. बर्फानेही रक्तवाहिन्या आकसतात आणि तेच होते. छेद घेऊन चोखणे तर सिनेमातच ठेवावे.

प्रतिविष तयार करण्याची मूळ रीत एकोणिसाव्या शतकाच्या शेवटची आहे. घोड्याला किंवा मेंढीला विषाच्या अगदी थोड्या, वाढत्या मात्रा टोचायच्या. त्याच्या रक्तात त्या विषाविरुद्ध प्रतिपिंडे तयार होतात. ती वेगळी काढून शुद्ध करायची. पण प्रतिपिंड आणि विष यांचे नाते कुलूप-किल्लीचे असते. भारतात मिळणारे प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांच्या विषांवर बेतलेले असते. इथले साप वेगळे, कुलपे वेगळी. इथे माणसांसाठी २००० साली मंजूर झालेले एक प्रतिविष मेंढ्यांपासून करतात. दुसरे घोड्यांपासून करतात, ते २०१५ साली आधी रॅटलस्नेकसाठी मंजूर झाले आणि २०२१ साली कॉपरहेड व कॉटनमाउथसाठीही. कुत्र्यांसाठी घोड्यांपासून केलेली वेगळी प्रतिविषे मिळतात. रॅटलस्नेक, कॉपरहेड आणि कॉटनमाउथ हे तिन्ही एकाच गोतातले. डोळा आणि नाकपुडी यांच्यामध्ये यांना एक खळगी असते, तिने त्यांना अंधारातही उंदराच्या अंगाची ऊब कळते. आपल्या सह्याद्रीतला चापडा यांचाच भाऊबंद. तिघांवर तेच प्रतिविष चालत असल्यामुळे साप मारून दवाखान्यात नेण्याची काही गरज नसते. आमची कुदळ अगदीच व्यर्थ होती.

आणखी एक. प्रतिविष हे रक्तात फिरणाऱ्या विषाला निकामी करते, सडलेले मांस परत आणत नाही. म्हणून चावल्यापासून ते मिळेपर्यंतचा वेळ महत्त्वाचा. त्यातली पंधरा मिनिटे आम्ही ओढणी, बर्फ आणि कुदळ यांत घालवली.

आता गोळ्यांकडे. आम्ही पाडव्याला असा तर्क मांडला होता : साप जिभेने हवेतले कण टिपतो आणि टाळूतल्या एका इंद्रियाने त्यांचा वास ओळखतो, म्हणजे त्याला उग्र वास सहन होणार नाही. पहिला भाग बरोबर आहे. दुसरा आम्ही गृहीत धरला. आपल्या नाकाला झोंबते ते सापालाही झोंबावे, असा काही निसर्गाचा नियम नाही. नियंत्रित चाचण्यांमध्ये साप नॅफ्थलीनवरून खुशाल गेलेले आहेत. हे आधी वाचून मग लिहायला हवे होते. आम्ही उलटे केले.

शिवाय डांबराच्या गोळ्यांचा गुण बंद पेटीत आहे. नॅफ्थलीन वितळल्याशिवायच सरळ वाफ होऊन उडते. पैठणीच्या ट्रंकेत ती वाफ कोंडून राहते, म्हणून कसर लागत नाही. उघड्या परसात ती वाऱ्यावर जाते आणि उरलेले मातीत मुरते. इथल्या कायद्याने तर कीटकनाशक लेबलवर सांगितलेल्या जागी आणि सांगितलेल्या रीतीनेच वापरता येते. परसात गोळ्या टाकणे बेकायदा आहे, हेही आम्हाला आता कळले.

कुत्र्याने गोळी खाल्ली तर उलट्या होतात आणि पुढच्या काही दिवसांत रक्तातल्या तांबड्या पेशी फुटू लागतात. लहान कुत्र्याला एखादी गोळीही पुरते. मांजरे तर त्याहून नाजूक. काही माणसांत जी-सिक्स-पीडी नावाचे एन्झाइम जन्मतः कमी असते, आपल्या भारतीय कुटुंबांतही हे आढळते. अशा मुलाने गोळी चोखली तर त्याच्याही तांबड्या पेशी झपाट्याने फुटतात.

हे लक्षात आल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही मंडळाची यादी घेऊन बसलो आणि ज्यांच्याकडे लहान मुले किंवा प्राणी आहेत, त्यांना एकेक फोन केला. सतरावा फोन एका तरुण जोडप्याचा. त्यांची मुलगी दोन वर्षांची. आई म्हणाली, "बरं झालं तुम्ही फोन केलात. परवाच हिच्या मुठीत एक गोळी होती. मला वाटलं, कुठून साखरफुटाणा मिळाला हिला? तोंडाजवळ नेत होती, तेवढ्यात वास आला म्हणून काढून घेतली." आणि मग, अगदी साधेपणाने : "तुम्ही लिहिलं होतं ना, म्हणून आम्ही टाकल्या."

त्यावर आम्हाला काही बोलता आले नाही. हा लेख त्या फोनचे उत्तर आहे.

मोत्याला आणायला जाण्याआधी उजेडात परस पाहिले. साप का आला, हे विचारण्याऐवजी तो का येणार नाही, असे विचारायला हवे होते. सासूबाई रोज सकाळी कुंपणाजवळ पाखरांसाठी मूठभर तांदूळ टाकतात. पाखरे खातात ते खातात, उरलेले रात्री उंदीर खातात. उंदरांमागे साप येतो. नळाशेजारी आम्ही अळूचा वाफा हौसेने वाढवला आहे. तिथे कायम ओल, ओलीला बेडूक, बेडकांमागे साप. ओकखालचा पाचोळा शिशिरापासून तसाच, आणि जुलैच्या रात्री त्याच ओकच्या बुंध्याशी सिकाडा जमिनीतून वर येतात. कॉपरहेडला हा खाऊ फार आवडतो. शिवाय कोपऱ्यात लाकडाच्या फळ्या, तुळशीच्या आणि कढीपत्त्याच्या रिकाम्या कुंड्या एकावर एक, आणि मोत्याच्या जेवणाचे ताट बाहेरच. आम्ही चहूबाजूंनी पंगत मांडली होती आणि मध्ये चार डांबराच्या गोळ्या ठेवून पाहुण्यांना 'येऊ नका' म्हणत होतो.

आता कामाचे. हे कापून फ्रीजवर लावलेत तरी चालेल.

परसासाठी :

१. पाचोळा, फळ्या, दगडांचे ढीग, रिकाम्या कुंड्या हलवा. हलवताना जाड हातमोजे घाला. जिथे दिसत नाही तिथे हात घालू नका. गवत आखूड ठेवा.

२. पाखरांचे दाणे आणि कुत्र्या-मांजरांचे अन्न रात्री बाहेर ठेवू नका. अळू लावायचाच असेल तर दारापासून आणि प्राण्यांच्या वाटेपासून दूर लावा.

३. कुंपणाखालच्या आणि गॅरेजच्या दाराखालच्या फटी बुजवा.

४. अंधार पडल्यावर कुत्र्याला मोकळे सोडू नका. पट्टा लावून, हातात विजेरी घेऊन, पायात बूट घालून बरोबर जा. कॉपरहेड पळत नाही, जागीच पडून राहतो, म्हणून न पाहता नाक किंवा पाऊल त्याच्यावर पडते. हे चपला घालून रात्री तुळशीपाशी जाणाऱ्या आईवडिलांनाही सांगा.

५. गंधक, चुना, फिनाइल, कार्बोलिक अॅसिड यांतले काहीही टाकू नका. कोकणात घरोघरी कार्बोलिकची बाटली असायची, हे आम्हाला ठाऊक आहे. त्याने प्राण्यांचे पंजे आणि जीभ भाजते, आणि मांजराच्या यकृताला असली रसायने निचरता येत नाहीत.

साप चावलाच तर :

१. प्राण्याला सापापासून दूर घ्या. सापामागे जाऊ नका.

२. गळ्यातला पट्टा काढा. तोंडाला किंवा मानेला चावले असेल तर सूज येऊन पट्टा गळफास होतो.

३. शक्य असेल तर उचलून गाडीत ठेवा, चालवू नका. दुखऱ्या प्राण्याचे तोंड जपून. आपला कुत्राही वेदनेने चावू शकतो.

४. निघता निघता दवाखान्याला फोन करा आणि प्रतिविष आहे का विचारा. प्रत्येक ठिकाणी ते नसते. यासाठी रात्री उघड्या असणाऱ्या जवळच्या दवाखान्याचा नंबर आजच लिहून ठेवा. आम्ही ठेवला नव्हता.

५. बांधू नका, कापू नका, चोखू नका, बर्फ लावू नका. घरचे औषध देऊ नका. भारतातून आणलेली क्रोसिन मांजराला एका गोळीतही मारू शकते, आणि आयबुप्रोफेन रक्तस्राव व मूत्रपिंडे दोन्ही बिघडवते.

६. "बरा दिसतोय" म्हणून घरी थांबू नका. सूज काही तासांनी वाढू शकते. मांजर तर चावल्यावर पलंगाखाली जाऊन बसते आणि दुसऱ्या दिवशी सापडते. लाल, पिवळे, काळे वळे असलेला कोरल साप आपल्या नाग-मण्यारीच्या कुळातला. त्याच्या चाव्याला सूज फारशी येत नाही, पण बऱ्याच तासांनंतर श्वास बंद पडू शकतो. त्याचे प्रतिविषही वेगळे.

माणसाला चावल्यास ९११. माणसांच्या विषबाधेसाठी चोवीस तास, फुकट सल्ला : १-८००-२२२-१२२२. मूल डांबराची गोळी तोंडात घातलेले दिसले तरी हाच नंबर.

खर्चाचेही सांगायला हवे, कारण त्या क्षणी तोच विचार मनात येतो आणि येतो म्हणून अपराधी वाटते. प्रतिविषाच्या एका कुपीला शेकड्यांनी डॉलर पडतात. आमचे त्या रात्रीचे बिल भारताच्या एका तिकिटाएवढे झाले. सासूबाईंनी आकडा ऐकला, मनातल्या मनात रुपयांत केला आणि काही बोलल्या नाहीत. ज्यांना हे झेपणार नाही त्यांनी डॉक्टरांना तसे स्पष्ट सांगावे. कॉपरहेडच्या चाव्यात वेदनाशामक, सलाइन आणि देखरेख यांवरही अनेक कुत्री बरी होतात. काय करायचे ते डॉक्टर आणि तुम्ही मिळून ठरवा, पण दवाखान्यात बसून ठरवा, घरी नव्हे.

मारण्याविषयी दोन शब्द. साप मारायला जाणाऱ्यालाच बऱ्याचदा साप चावतो. २०१८ साली टेक्सासमध्येच कॉर्पस ख्रिस्तीजवळ एकाने रॅटलस्नेकचे डोके तोडले, ते उचलायला गेला आणि तुटलेले डोके त्याला चावले. प्रतिविषाच्या सव्वीस मात्रा लागल्या. शिवाय आपण घाबरून मारतो त्यांतले कितीतरी बिनविषारी असतात. इथला रॅट स्नेक म्हणजे आपल्या धामणीसारखाच, उंदीर खाऊन आपले काम करणारा. त्याला मारले की उंदीर वाढतात आणि पुढचा पाहुणा कॉपरहेड असतो. आपण नागपंचमीला चिरत नाही, कापत नाही, जमीन खणत नाही. यंदा त्या दिवशी परसातल्या फटी बुजवल्या आणि पाचोळा झाडला, तर सण पाळल्यासारखे होईल. पूजेचे दूध मात्र मुलांना द्या, साप दूध पीत नाही.

आता मोत्याची हकिकत. तो तिसऱ्या दिवशी घरी आला. पाय दुप्पट जाड, काळानिळा, वर पेनाच्या पाच रेघा. दोन आठवडे लंगडत होता. जिथे ओढणी बांधली होती तिथे अजून केस आलेले नाहीत. डॉक्टरीणबाई म्हणतात, चाव्यापेक्षा त्या गाठीची जखम भरायला जास्त दिवस लागले. आता रात्री तो पट्ट्याने आमच्याबरोबर जातो आणि ओकपाशी आला की आपणहून थांबतो.

सासूबाई पाखरांना तांदूळ अजून टाकतात, पण समोरच्या सिमेंटच्या वाटेवर, आणि संध्याकाळी उरलेले झाडून उचलतात. स्वयंपाकघराची हद्द कायम आहे. फक्त ती आता दारापासून चार फरशा आत सरकली आहे, आणि ती कुणी सरकवली, हे दोघांपैकी कुणीही कबूल करत नाही.

शेवटी एक विनंती. आपला अंक एका घरातून दुसऱ्या घरात झेरॉक्स होऊन जातो. पाडव्याचा अंक कुणाकडे गेला असेल त्याचा आम्हाला पत्ता नाही, तुम्हाला असेल. ज्याला तुम्ही दिलात त्याला हे पानही द्या. तुमच्या घरी तो अंक ठेवलेला असेल, तर पान चार काढा, तळाकडून दुसरा परिच्छेद, आणि त्यावर पेनाने आडवी रेघ मारा. आम्ही आमच्या प्रतीवर मारली आहे.

आमच्या सल्ल्याने कुणाच्या घरी त्रास झाला असेल तर निःसंकोच फोन करा. दही दिवाळी अंकात नक्की. त्यात लिहिलेले सगळे आधी करून पाहू, मगच सांगू.

कळावे, लोभ असावा.